ध्रुवीय सागरांचे रक्षण आणि स्वयंसेवी संस्था

पृथ्वीच्या दोन्ही टोकांना पसरलेले हिमाच्छादित सागर मानवी वस्तीपासून दूर असले, तरी मानवी व्यवहारापासून ते दूर राहिलेले नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण महासागरात सील आणि पुढे देवमासे यांची बेसुमार शिकार झाली. शिकारीमागून मासेमारीची जहाजे आली. या सागरांचा फार मोठा भाग कोणत्याही एका राष्ट्राच्या मालकीचा नाही. जे सर्वांचे असते त्याची काळजी वाहणारा बहुधा कोणीच नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या अर्धशतकात काही स्वयंसेवी संस्था आणि त्यांना द्रव्यसाहाय्य करणारे न्यास पुढे आले. मतदानाचा अधिकार नसतानाही या संस्थांनी काय साधले आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे जाणून घेणे उद्बोधक आहे.

कराराची चौकट

अंटार्क्टिक करारावर १९५९ मध्ये स्वाक्षऱ्या झाल्या व १९६१ पासून तो अमलात आला. त्यामुळे दक्षिण ध्रुवखंड शांततामय संशोधनासाठी राखले गेले. परंतु सभोवतालच्या सागरातील जीवसृष्टीचा प्रश्न शिल्लक राहिला. त्यासाठी १९८० मध्ये स्वतंत्र करार करण्यात आला. तो १९८२ पासून अमलात असून त्यानुसार स्थापन झालेल्या आयोगाचे कार्यालय ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे आहे. या आयोगाचे निर्णय सर्वसंमतीने होतात. एकाही सदस्याने हरकत घेतली, तर ठराव पुढे सरकत नाही. पुढील सर्व घडामोडींचे मर्म या एका नियमात आहे.

या वाटाघाटी चालू असतानाच १९७८ मध्ये अनेक देशांतील पर्यावरणवादी संस्थांनी एकत्र येऊन ‘अंटार्क्टिक अँड सदर्न ओशन कोएलिशन’ हा संघ स्थापन केला. आज हा संघ आयोगाच्या बैठकांना निरीक्षक म्हणून उपस्थित असतो. तो आपली निवेदने मांडतो, प्रतिनिधींशी चर्चा करतो. मात्र मत देऊ शकत नाही.

खाणींना पायबंद

लोकमताच्या बळाची पहिली मोठी कसोटी खनिजांच्या प्रश्नावर लागली. अंटार्क्टिकात खाणकाम नियमित करण्याचा करार १९८८ मध्ये वेलिंग्टन येथे संमत झाला होता. ग्रीनपीस या संस्थेने त्यापूर्वीच, १९८७ मध्ये, रॉस बेटावर स्वतःचे ठाणे उभारले आणि हे खंड ‘जागतिक उद्यान’ म्हणून राखावे, अशी मागणी केली. फ्रान्समध्ये सागरसंशोधक झाक कुस्तो यांनी या कराराविरुद्ध जनमत संघटित केले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया व फ्रान्स या देशांनी करारास मान्यता देण्याचे नाकारले आणि तो बारगळला. त्याच्या जागी ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिद येथे पर्यावरण संरक्षणाचा मसुदा संमत झाला. १९९८ पासून अमलात आलेल्या या मसुद्याने खाणकामावर बंदी घातली आहे.

रॉस समुद्राचे उदाहरण

रॉस समुद्र हा जगातील अत्यल्प हानी पोहोचलेल्या सागरांपैकी एक होय. जगातील अ‍ॅडेली पेंग्विनांपैकी एक तृतीयांशाहून अधिक या भागात वीण घालतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडच्या जहाजांनी येथे टूथफिश या मोठ्या व मंद गतीने वाढणाऱ्या माशाची मासेमारी सुरू केली. पेंग्विनांचे अभ्यासक डेव्हिड एन्ली यांनी या समुद्राच्या रक्षणासाठी आवाज उठविला. न्यूझीलंडचे चित्रपटकार पीटर यंग यांच्या ‘द लास्ट ओशन’ या २०१२ मधील अनुबोधपटाने हा विषय सामान्य नागरिकांपर्यंत नेला. २०११ मध्ये अनेक संस्थांनी ‘अंटार्क्टिक ओशन अलायन्स’ ही आघाडी उभारली. अमेरिकेतील ‘प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्स’ या न्यासानेही या कामास दीर्घकाळ पाठबळ दिले.

अमेरिका व न्यूझीलंड यांनी मांडलेला प्रस्ताव अनेक बैठकांत नामंजूर झाला. अखेर ऑक्टोबर २०१६ मध्ये चीन व रशिया यांच्यासह सर्व सदस्यांचे एकमत झाले आणि १ डिसेंबर २०१७ पासून रॉस समुद्राचे संरक्षित क्षेत्र अस्तित्वात आले. त्याचा विस्तार १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या सुमारे पाचपट आहे. त्यापैकी ११ लाख २० हजार चौरस किलोमीटर भागात व्यापारी मासेमारी पूर्णपणे बंद आहे. मात्र या संरक्षणाची मुदत ३५ वर्षांचीच ठरली. एकमतासाठी द्यावी लागलेली ती किंमत होती.

उत्तरेकडील दूरदृष्टी

उत्तर ध्रुवाभोवती परिस्थिती निराळी आहे. तेथे बर्फ वितळल्याने मध्यवर्ती आर्क्टिक महासागर जहाजांना खुला होऊ लागला आहे. एप्रिल २०१२ मध्ये प्यू न्यासाच्या पुढाकाराने ६७ देशांतील दोन हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी, पुरेसे संशोधन होईपर्यंत येथे मासेमारी सुरू करू नये, असे आवाहन केले. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी नऊ देश व युरोपीय संघ यांनी त्या आशयाचा करार केला. तो जून २०२१ पासून अमलात आहे. सुमारे २८ लाख चौरस किलोमीटर सागरात आरंभी १६ वर्षे व्यापारी मासेमारी होणार नाही. हानी झाल्यावर उपाय शोधण्याऐवजी हानीपूर्वीच बंधन घालण्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

पैसा कोठून येतो?

जहाजे, शास्त्रीय पाहण्या आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा यांना मोठा खर्च येतो. प्यू न्यासाची स्थापना १९४८ मध्ये ‘सन ऑइल’ या तेल कंपनीच्या संस्थापकाच्या मुलांनी केली. तेलातून आलेली संपत्ती अशा रीतीने सागररक्षणाच्या कामी आली. ‘सी शेफर्ड’ या संस्थेचे ‘बॉब बार्कर’ हे जहाज त्याच नावाच्या अमेरिकन दूरचित्रवाणी सूत्रसंचालकाने दिलेल्या ५० लाख डॉलरच्या देणगीतून घेण्यात आले. याच जहाजाने डिसेंबर २०१४ पासून ‘थंडर’ या बेकायदा टूथफिश पकडणाऱ्या जहाजाचा ११० दिवस पाठलाग केला. ६ एप्रिल २०१५ रोजी ‘थंडर’ साओ टोमेजवळ बुडाले. त्यावरील लोकांचे प्राण पाठलाग करणाऱ्यांनीच वाचविले आणि पुढे कप्तानास न्यायालयात शिक्षा झाली.

काही निधी प्रत्यक्ष उद्योगाकडूनही येतो. २०१५ मध्ये क्रिल पकडणारी नॉर्वेची ‘आकर बायोमरीन’ ही कंपनी आणि पर्यावरण संस्था यांनी मिळून अंटार्क्टिक वन्यजीव संशोधन निधी स्थापन केला. ज्यांच्यावर देखरेख ठेवायची त्यांच्याच पैशातून संशोधन व्हावे काय, हा प्रश्न येथे रास्तपणे उपस्थित होतो. म्हणूनच निधीचे वाटप स्वतंत्र शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने होणे व निष्कर्ष जाहीर होणे अगत्याचे ठरते.

अपुरे राहिलेले कार्य

यशाबरोबर अपयशाचीही नोंद घेतली पाहिजे. पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प येथील संरक्षित क्षेत्रांचे प्रस्ताव अनेक वर्षे अडून राहिले आहेत. चीन व रशिया यांच्या हरकतींमुळे एकमत होऊ शकलेले नाही. दरम्यान क्रिलची मासेमारी वाढत आहे. बोटाएवढा हा कोळंबीसारखा जीव देवमासे, सील व पेंग्विन यांचे मुख्य अन्न आहे. द्वीपकल्पाच्या परिसरात त्याची मर्यादा ६ लाख २० हजार टन आहे. ही पकड एकाच जागी एकवटू नये म्हणून तिची विभागवार वाटणी करणारा नियम होता. २०२४ मध्ये त्यास मुदतवाढ मिळू शकली नाही. परिणामी २०२५ च्या हंगामात मर्यादा प्रथमच गाठली गेली आणि मासेमारी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. एकूण आकडा पाळला गेला, तरी पकड कोठे झाली यालाही तितकेच महत्त्व आहे. कारण पिलांसाठी अन्न शोधणारा पेंग्विन आपल्या वसाहतीपासून फार दूर जाऊ शकत नाही.

भारताचा संबंध

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. १९८३ मध्ये भारत अंटार्क्टिक करारात सहभागी झाला. होबार्टच्या आयोगाचाही तो सदस्य आहे. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आपल्या मोहिमांचे संचालन करते. २०२१ मध्ये पूर्व अंटार्क्टिका व वेडेल समुद्र यांच्या संरक्षणाच्या प्रस्तावांना भारताने सहप्रायोजक म्हणून पाठिंबा जाहीर केला आणि २०२२ मध्ये संसदेने भारतीय अंटार्क्टिक अधिनियम संमत केला.

स्वयंसेवी संस्था कायदे करू शकत नाहीत. ते काम शासनांचे आहे. परंतु पुरावा गोळा करणे, तो लोकांसमोर मांडणे आणि विषय विस्मृतीत जाऊ न देणे ही कामे त्या करू शकतात व त्यांनी ती केली आहेत. रॉस समुद्राच्या संरक्षणाची मुदत २०५२ मध्ये संपेल. त्या वेळी निर्णय घेणारी पिढी आज शाळेत शिकत आहे. या दूरच्या सागरांची ओळख तिला आताच करून देणे, हे या कार्याचे पुढचे पाऊल होय.