विलायती अर्थशास्त्र आणि आपली जमीन



चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यानें कामणांतून गेलें म्हणजे एकीकडे कामणदुर्गाचा डोंगर व भाताचीं खाचरें, तर दुसरीकडे कारखान्यांचीं व गोदामांचीं छपरें दृष्टीस पडतात. पूर्वीं एखाद्या शेताची गोष्ट निघाली कीं पहिला प्रश्न असे, ‘याला भात किती होतें?’ आज पहिला प्रश्न असतो, ‘गुंठ्याला भाव काय?’ प्रश्न बदलला, याचा अर्थ जमिनीविषयींची कल्पनाच बदलली. जमिनीचे व्यवहार पूर्वींही होत. परंतु भाऊबंद व गांव यांच्या संमतीचें त्यांवर बंधन असे. जमीन ही बाजारांतील इतर जिनसांसारखी एक जिन्नस आहे, हा विचार आपल्याकडे गेल्या दोनशें वर्षांत रुजला. तो कोठून आला, त्यानें काय केलें, आणि त्यापासून आपण कोणता धडा घ्यावा, हें या पाठांत पाहावयाचें आहे.

पहिली कल्पना : निव्वळ उत्पन्न

इ. स. १८१७ सालीं डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांतील खंडाचा सिद्धांत थोडक्यांत असा : शेताच्या उत्पन्नांतून मजुरी, बैल, बीं-बियाणें आणि भांडवलावरील रास्त नफा वजा जातां जें उरतें, तें शेतकऱ्याच्या श्रमाचें फळ नसून जमिनीच्या सरसपणाचें फळ आहे. यावरून राज्यकर्त्यांनीं असा निष्कर्ष काढला कीं, या ‘निव्वळ उत्पन्ना’चा मोठा भाग सरकारनें घेतला तरी शेती बुडण्याचें कारण नाहीं.

पेशवाई १८१८ सालीं संपली. त्यानंतर दहाच वर्षांत पुणें प्रांतांत या सिद्धांताचा प्रयोग झाला. रॉबर्ट कीथ प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें शेतांची मोजणी करून प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें उत्पन्न व खर्च ठरविला, आणि निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ हा सरकारी सारा नेमला. हिशेब कागदावर निर्दोष दिसत होता. शेतांत तो कसा लागू पडला, हें समजण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घेऊं.

एका शेताचें उत्पन्न चांगल्या वर्षीं १२० रुपये, मध्यम वर्षीं १०० व उण्या वर्षीं ८० रुपये आहे. सरासरी १०० झाली. खर्च ६० रुपये धरला तर निव्वळ उत्पन्न ४०, आणि त्याचा शेंकडा ५५ प्रमाणें सारा २२ रुपये. आतां शेतकऱ्याच्या हातीं काय राहतें तें पाहा. चांगल्या वर्षीं ३८ रुपये, मध्यम वर्षीं १८ रुपये. उण्या वर्षीं मात्र उलट २ रुपयांची तूट. आणि ज्या वर्षीं पाऊसच फिरला व ५० रुपयेच पिकले, त्या वर्षीं ३२ रुपयांची तूट. सरासरी कोठेंच चुकलेली नाहीं. परंतु शेतकरी सरासरीच्या वर्षांत जगत नाहीं, तो एकेका वर्षांत जगतो. चांगल्या वर्षाची शिल्लक घरांत खर्चून जाते, आणि वाईट वर्षाची तूट व्याजानें वाढत राहते.

शिवाय मोजणींत चुका होत्या, हाताखालच्या नोकरांनीं दिलेली माहिती भरंवशाची नव्हती, आणि त्याच सुमारास धान्याचे भाव उतरलेले होते. परिणाम असा झाला कीं, अनेक कुळें जमिनी टाकून शेजारच्या संस्थानी मुलखांत निघून गेलीं आणि बरीच जमीन पडीक पडली. शेवटीं १८३५ पासून इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नवी पाहणी केली. त्यांनीं मातीचा पोत, रंग व खोली पाहून जमिनीच्या प्रती लाविल्या, गांवचा पूर्वींचा वसूल लक्षांत घेतला, सारा कमी केला आणि तो तीस वर्षांसाठीं कायम केला. सिद्धांतावरून शेताकडे न येतां शेतावरून हिशेबाकडे जावें, हें सरकारला इतकी हानि झाल्यावर कळलें.

दुसरी कल्पना : जमीन हें तारण

नव्या व्यवस्थेंत सारा रोखीनें व ठरल्या तारखेस भरणें भाग होतें, आणि खातेदाराला जमीन विकण्याची व गहाण टाकण्याची मोकळीक होती. विलायती विचार असा कीं, मालकी स्पष्ट झाली म्हणजे भांडवल सुलभ होतें आणि करार करण्यास दोन्ही पक्ष स्वतंत्र असतात. भांडवल आलें खरें. परंतु तें एका गांवांत एकाच सावकाराच्या हातीं होतें. ज्याला हप्त्याच्या दिवशीं पैसा हवाच, आणि दुसरीकडे जाण्यास वाट नाहीं, त्याचें स्वातंत्र्य कागदावरचेंच असतें.

कायदा हेतूनें चांगला असूनही विपरीत फळ कसें देतो, याचा नमुना म्हणजे १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षें ठेविली, कीं व्याज अमर्याद वाढूं नये. सावकारानें काय केलें? दर तीन वर्षांनीं जुना रोखा फाडून, व्याज मुद्दलांत मिळवून, नवा रोखा लिहून घेतला. समजा, १०० रुपये शेंकडा २४ व्याजानें घेतले. तीन वर्षांनीं १७२ झाले. या १७२ चा नवा रोखा झाला कीं आणखी तीन वर्षांनीं सुमारें २९६ रुपये देणें होतें. सहा वर्षांत शंभराचे तिप्पट!

तिसरी कल्पना : बाजार सर्वांचें भलें करतो

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें आणि इंग्लंडच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला. हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. कापसाखालच्या जमिनीवर सावकार आपण होऊन पैसे देऊं लागले. दख्खनच्या कांहीं गांवांत एकराला शंभर रुपयांपर्यंत उचल मिळाली. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले आणि सावकारांनीं हात आखडता घेतला. त्यांतच तीस वर्षांची मुदत संपून नवी आकारणी आली. तींत कित्येक ठिकाणीं सारा दीडपट ते दुप्पट झाला.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली व रोखे आणि खातेवह्या जाळल्या. तीसांहून अधिक गांवांत हें लोण पसरलें. जमावाचा मुख्य रोख कागदांवर होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. यानंतर चौकशी होऊन १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. करार जसा लिहिला तसाच मानावा, या तत्त्वाला मुरड घालून व्यवहाराच्या मुळाशीं जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टांस मिळाला.

आपल्याकडील उदाहरण : राब

देशावरील ही हकीकत झाली. आपल्या भागाचा, म्हणजे तेव्हांच्या ठाणें जिल्ह्याचा, अनुभव वेगळ्या वाटेनें तोच आहे. भाताचें रोप करण्यापूर्वीं वाफ्यावर फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण पसरून राब भाजण्याची रीत येथें सर्वांस ठाऊक आहे. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलाकडे इमारती लांकूड व सरकारी उत्पन्न या दृष्टीनें पाहिलें जाऊं लागलें, आणि फांद्या तोडण्यावर बंधनें आलीं. हिशेबाच्या वहींत जंगलाची किंमत लांकडाइतकी मांडली. त्याच फांद्यांवर खालचें भात अवलंबून आहे, हा रकाना वहींत नव्हताच. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी झाल्या कीं १८८५ सालीं चौकशी मंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं आला. राब हा त्या चौकशीचा एक मुख्य विषय होता.

न्यायमूर्ति रानडे यांचा विचार

या सर्व अनुभवाचें सार न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दिलेल्या व्याख्यानांत मांडलें. अर्थशास्त्राचे नियम गुरुत्वाकर्षणासारखे सर्व देशीं व सर्व काळीं सारखे लागू नसतात. ज्या समाजांत ते निघाले त्या समाजाच्या स्थितीवर ते उभे असतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांनीं पाश्चात्य विद्या टाकून दिली नाहीं. इंग्रजांचा एक सिद्धांत पारखण्यासाठीं त्यांनीं जर्मन अर्थशास्त्रज्ञांचाच आधार घेतला.

आफ्रिकेंतील अलीकडचा दाखला

हें सर्व जुन्या काळचें झालें, असें कोणी म्हणेल. म्हणून समुद्रापलीकडील, मक्यावर जगणाऱ्या मलावी या देशाकडे पाहूं. तो १९६४ सालीं स्वतंत्र झाला. १९८१ पासून जागतिक बँकेच्या कर्जांबरोबर तेथें अर्थव्यवस्था मोकळी करण्याच्या अटी आल्या, आणि पुढें खतावरील सरकारी मदत काढून घेण्यांत आली. शेतकऱ्यानें खत बाजारभावानें घ्यावें व माल बाजारभावानें विकावा, हा विचार कागदावर सरळ होता. परंतु लहान शेतकऱ्याजवळ पेरणीच्या वेळीं रोकड नव्हती. २००२ सालीं तेथें उपासमार झाली. त्यापूर्वीं राखीव धान्याचा बहुतेक सांठा विकला गेला होता. २००५ सालीं पुन्हा पीक बुडालें, तेव्हां सरकारनें कर्ज देणाऱ्यांचा सल्ला बाजूस ठेवून लहान शेतकऱ्यांस स्वस्त खत व बियाणें दिलें. पुढील दोन हंगामांत, पावसाचीही साथ मिळून, मका भरपूर पिकला. मात्र खत परदेशांतून आणावयाचें, त्यामुळें हा खर्च पुढें तिजोरीस जड झाला, हेंही सांगितलें पाहिजे. म्हणजे उलट दिशेनें डोळे मिटून जाणेंही बरें नव्हे.

रुजलेलें परदेशी बीं

परदेशी तें सर्व वाईट, असा अर्थ कोणी घेऊं नये. सहकारी पतपेढीची कल्पना जर्मनींतील रायफायझन याच्या गांवपतपेढ्यांवरून आली. १९०४ सालीं हिंदुस्थानांत तिचा कायदा झाला, आणि १९२५ सालीं मुंबई इलाख्यानें स्वतःचा कायदा केला. खुद्द वसईंत, आज बसीन कॅथॉलिक बँक या नांवानें चालणारी सहकारी संस्था १९१८ सालीं निघाली. प्रवरेकांठीं विठ्ठलराव विखे पाटील यांनीं, धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या साहाय्यानें, शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला. हें बीं रुजलें, कारण येथल्या माणसांनीं तें आपल्या वाफ्यांत लावून पाहिलें, कोठें खुडलें, कोठें बांधलें. जेथें सभासदांनीं हिशेब पाहणें सोडलें, तेथें त्यालाही कीड लागली.

आजचें कर्तव्य

आतां पुन्हा कामणांत येऊं. ‘जमिनीचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे जो सर्वांत जास्त पैसा देईल तो,’ हें वाक्य आज आपल्या दारीं रोज येतें. तें सर्वथा खोटें नाहीं; मुलांचें शिक्षण, आजारपण, घर, यांसाठीं पैसा लागतो, आणि कोणाची गरज काय हें दुसऱ्यानें ठरवूं नये. पण त्या वाक्याच्या पोटांत गृहीत धरलेल्या गोष्टी तपासाव्या : आलेला पैसा टिकेल, तो गुंतविण्याची माहिती आपणांस आहे, आणि जमिनीवर राबणाऱ्या इतरांचीही पोटाची सोय होईल. उतारा काढून पाहावा, भोगवट्याचा वर्ग कोणता तें पाहावें. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे सरकारी परवानगीवांचून जाऊं शकत नाहीं. १९६६ च्या जमीन महसूल कायद्यांतील कलम ३६ व ३६-अ हें सुप्यासारख्या अनुभवांतूनच आलेलें शहाणपण आहे. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊं नये.

नवें बियाणें आलें तर आपण सबंध शेत एकदम पेरीत नाहीं. एका कोपऱ्यांत लावून पाहतों. विचारांच्या बाबतींतही हीच रीत ठेवावी.

बैठकींत चर्चेसाठीं प्रश्न

१. वर दिलेल्या साऱ्याच्या उदाहरणांत सारा उत्पन्नाप्रमाणें दरवर्षीं कमी-जास्त केला असता तर प्रत्येक वर्षीं हातीं काय राहिलें असतें? हिशेब मांडावा.

२. आपल्या घरच्या एका कर्जाचें सहा वर्षांतील व्याज सरळ व चक्रवाढ अशा दोन्ही रीतींनीं काढावें.

३. आपल्या शेताचे, पैशांत न मोजतां येणारे, असे कोणते उपयोग आहेत? त्यांची यादी करून पुढील बैठकीस आणावी.