रुग्णसेवा आणि फिरता दवाखाना

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने मलमूत्रात पडलेला एक भिक्खू आहे. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहात नव्हते. तथागतांनी पाणी घातले, आनंदांनी धुतले, दोघांनी त्याला उचलून खाटेवर निजविले. आपल्या वस्तीतील वृद्धांचे याहून निराळे काय आहे? दूरच्या दवाखान्यात त्यांना नेणार कोण? हेल्पएज इंडियाचे फिरते दवाखाने १९८२ पासून त्यांच्या दारी जात आहेत. रक्तदाब बहुधा दुखत नाही. गोळ्या संपल्या की औषध थांबते. म्हणून १४ एप्रिलच्या एका शिबिरावर (हारतुरे, फोटो!) आमचा भरवसा नाही. गाडी दरमहा ठरल्या दिवशी विहाराशी यावी, गोळ्या पुढल्या फेरीपर्यंत पुराव्यात, आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी आपल्या विद्यार्थ्यांनी त्याच संध्याकाळी जावे.