प्राथमिक शिक्षकासाठी अध्यापक विद्यालयाची निवड

बारावीचा निकाल हाती आला, की शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या घरी चौकशी सुरू होते ती कॉलेज कोठे आहे, फी किती आणि एस.टी.ची सोय आहे का याची. या गोष्टी गौण नाहीत. परंतु पहिली ते पाचवीच्या मुलांपुढे ज्याला आयुष्यभर उभे राहावयाचे आहे, त्याच्या पालकांनी त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे. या विद्यालयातील छात्राध्यापक प्रत्यक्ष मुलांपुढे किती दिवस उभे राहतात, आणि ते शिकवीत असताना वर्गाच्या मागच्या बाजूस कोण बसलेले असते?

ज्यांच्यामुळे आपल्या समाजाला शाळेचा उंबरठा ओलांडता आला, त्यांनी शिक्षकाच्या तयारीला केवढे महत्त्व दिले होते हे पाहण्यासारखे आहे. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर व पुणे येथे अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. आपल्याच जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तर साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय १९३५ साली काढले, आणि महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० साली. आधी शिक्षक, मग हायस्कूल! हा क्रम योगायोगाचा असेल असे मला वाटत नाही.

आता अभ्यासक्रमाविषयी. बी.एड. ही पदवी असल्याने ती पदविकेपेक्षा वरची, म्हणून लहान वर्गांसाठी सहजच चालेल, असा समज अनेक घरांत आढळतो. तो महागात पडतो. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने हे स्पष्ट केले आहे, की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य नाही. त्या वर्गांसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका, म्हणजे पूर्वीचे डी.एड. व आताचे डी.एल.एड., हाच रूढ मार्ग आहे. त्यासोबत शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा पहिला पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर असतो. मुलीला लहान मुलांतच रमावयाचे आहे की विषय शिकवावयाचा आहे, हे तिला विचारूनच वाट ठरवावी. शेजारच्या मुलाने काय केले यावरून नव्हे.

विद्यालय पाहावयास जाताना इमारतीच्या रंगापेक्षा तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार या पदविकेत वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि एकूण २० आठवड्यांची शाळेतील आंतरवासिता अपेक्षित आहे. हजेरी अभ्यासक्रमासाठी ८० टक्के आणि आंतरवासितेसाठी ९० टक्के. म्हणून “हजेरीचे आम्ही पाहून घेऊ” असे जेथे आश्वासन मिळते, तेथून नम्रपणे नमस्कार करून बाहेर पडावे. ती सवलत नव्हे, फसवणूक आहे. आणि तिची किंमत पुढे पहिलीच्या वर्गातील चाळीस मुले मोजतात.

दुसरी गोष्ट सराव शाळेची. आंतरवासिता कोणत्या शाळांत होते, तेथे जिल्हा परिषदेची शाळा आहे का, दोन इयत्ता एका खोलीत बसणारी शाळा आहे का, हे विचारावे. आपली मुले पुढे शाहूवाडी, भुदरगड, चंदगडकडच्या वाड्यावस्त्यांवर नेमली जाण्याचा संभव मोठा. केवळ शहरातील भरल्या वर्गात पाठ घेतलेला शिक्षक तेथे पहिले वर्ष चाचपडण्यातच घालवितो.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी, आणि माझ्या मते सर्वांत खात्रीची. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या छात्राध्यापकाची पाठटाचणाची वही पाहावयास मागावी. प्रत्येक पानाखाली नुसती सही असेल तर एक अर्थ. “मुलांची उत्तरे ऐकून घेतली नाहीत”, “फळ्यावरील अक्षर मागच्या मुलांना दिसले नाही”, “पाठीमागे बसलेल्या दोघी अखेरपर्यंत बोलल्या नाहीत” असे अभिप्राय असतील तर अर्थ वेगळा. जेथे कोणी तरी मागे बसून त्या दोन मुलींकडे पाहिले, तेथे शिक्षक घडतो. अध्यापक महाविद्यालयात शिक्षकांना घडविण्याचे काम केलेल्या लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरातच ‘सृजन आनंद विद्यालय’ ही प्राथमिक शाळा काढली. ज्यांना शिक्षकांना शिकवावयाचे आहे त्यांचे पाय लहान मुलांच्या वर्गात असावेत, याचे एवढे जवळचे उदाहरण आपल्याला दुसरे शोधावे लागत नाही.

पैशांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. पदविकेचे प्रवेश शासनाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून गुणवत्तेनुसार होतात. शासकीय व अनुदानित विद्यालयांतील जागांचे पर्याय आधी भरावेत. विनाअनुदानित विद्यालयाचा विचार नंतर. देणगीसाठी दागिने गहाण ठेवण्याचा काळ आपल्यातील अनेकांनी पाहिला आहे. मध्यंतरी भरती थांबली, पदविका घेतलेली मुले घरी बसली, आणि कितीतरी अध्यापक विद्यालयांना कुलपे लागली. आज भरती पवित्र पोर्टलद्वारे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीतील गुणांवर होते. त्या चाचण्या २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाल्या. म्हणजे मधली प्रतीक्षा किती लांबू शकते ते पालकांनीच मोजावे. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकसाठी ते २०२३ पासून दरमहा १६,००० रुपये आहे.

यास्तव पदविकेसोबत पदवीचेही शिक्षण चालू ठेवण्याची सोय पाहावी. शिवाजी विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र किंवा नाशिकचे मुक्त विद्यापीठ हे मार्ग आहेत. दुहेरी प्रवेशाचे नियम मात्र आधी लेखी विचारून घ्यावेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ज्या मुलामुलींचे वय व घरची परिस्थिती चार वर्षे थांबण्यास अनुकूल आहे, त्यांनी तोही पर्याय पडताळावा.

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाच्या वर्गात मुलाला किंवा मुलीला एक दिवस, प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत, बसू द्यावे. संध्याकाळी घरी आल्यावर ते मुलांविषयी बोलते की केवळ पगाराविषयी, ते ऐकावे.