पुण्याची विषाणू-संशोधन संस्था

पुणे शहरात १९५२ च्या फेब्रुवारीत विषाणू संशोधन केंद्र या नावाची एक संस्था सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून ती उभारली. डास, गोचीड यांसारख्या चावणाऱ्या जीवांच्या द्वारे पसरणाऱ्या विषाणूंचा शोध घेणे, हे तिला नेमून दिलेले कार्य होते. आज हीच संस्था राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

या कार्याच्या मुळाशी एक कोडे होते. आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांत ज्याने सहस्रावधी माणसे मारली, तो पीतज्वर भारतात का नाही? तो पसरविणारा एडिस जातीचा डास आपल्याकडे विपुल आहे. भारतीय माकडांना हा रोग जडतो, हेही १९२७ सालीच पश्चिम आफ्रिकेत सिद्ध झाले होते. तेथे प्रयोगासाठी नेलेली माकडे मुळी हिंदुस्थानातलीच होती. म्हणजे लाकडे रचून तयार आहेत, ठिणगी मात्र पडलेली नाही, अशी ही स्थिती.

विषाणू हा साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही व जिवंत पेशीवाचून वाढत नाही. मग त्यास पकडावयाचे कसे? त्या काळची रीत अशी : रुग्णाचे रक्त किंवा वाटलेल्या डासांचा द्रव नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिलांच्या मेंदूत टोचावयाचा आणि ती आजारी पडतात काय, हे रोज पाहावयाचे. पिले आजारी पडली, तर त्यांच्या मेंदूतून विषाणू मिळे. पुढे तो ओळखण्यासाठी रक्तद्रवाचा उपयोग होई. एखाद्या विषाणूची बाधा होऊन गेलेल्या माणसाच्या रक्तात त्या विषाणूस निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये पुष्कळ वर्षे राहतात. ज्ञात प्रतिद्रव्याने नवा विषाणू निष्प्रभ झाला, तर त्याची ओळख पटली. काम मोठे चिकाटीचे, आणि पिलांची देखभाल करणाऱ्या सेवकापासून संचालकापर्यंत सर्वांच्या दक्षतेवर अवलंबून.

केंद्राची खरी परीक्षा १९५७ साली झाली. त्या वर्षीच्या आरंभी म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या अरण्याच्या आसपास, माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ रानात जळण आणावयास व गुरे चारावयास जाणारी माणसे तीव्र ज्वराने अंथरुणास खिळली. काहींना रक्तस्राव होऊ लागला. माकडे मरतात आणि माणसांना ताप येतो, हे तर पीतज्वराचे नेमके चिन्ह! संचालक डॉ. टेलफर्ड वर्क, कीटकतज्ज्ञ हॅरॉल्ड ट्रॅपिडो व त्यांचे भारतीय सहकारी यांनी माणसांचे रक्त, मृत माकडांची इंद्रिये व त्यांच्या अंगावरील गोचिडी गोळा केल्या. विषाणू सापडला, पण तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे जवळचे नाते निघाले ते रशियातील अरण्यांत गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराशी. सैबेरियाचा हा भाऊबंद सह्याद्रीच्या रानात आला कोठून? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तो आला असावा, असा एक तर्क निघाला, आणि त्यातूनच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या प्रवासाचा मोठा अभ्यास हाती घेतला. तर्क काही सिद्ध झाला नाही, परंतु भारतीय पक्षिशास्त्राला त्याचा मोठा लाभ झाला. ज्वराच्या शोधाने पाखरांचे मार्ग उजळावेत, हा योग विलक्षणच म्हणावयाचा.

या रोगाचे चक्रही हळूहळू उलगडले. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी जमिनीवर गळतात आणि ती जागा पुढे कित्येक दिवस धोक्याची राहते. गुरे आजारी पडत नाहीत, पण प्रौढ गोचिडींना त्यांचे रक्त मिळत असल्याने गोचिडींची संख्या वाढते. माणसाने रान तोडून आत शिरावे आणि गुरे तेथे न्यावी, म्हणजे रोगास वाट मिळते. शंभर रुग्णांपैकी तीन ते पाच दगावतात. या विषाणूची बाधा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही झाली, ही गोष्ट विसरता कामा नये. २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग भागात हाच रोग आढळला. तेव्हा हा विषय केवळ कर्नाटकाचा राहिलेला नाही.

१९६७ साली रॉकफेलर प्रतिष्ठानाने आपला भाग आवरता घेतला व संस्थेचा भार वैद्यकीय संशोधन परिषदेवर आला. १९७८ साली तिला राष्ट्रीय संस्थेचे नाव मिळाले. त्या काळच्या संचालक डॉ. खोर्शेद पावरी यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी १९८० साली एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत सांडपाणी यमुनेच्या पाण्यात मिसळून काविळीची प्रचंड साथ आली होती. त्या साथीतील जपून ठेवलेले रक्तद्रव पंचवीस वर्षांनी तपासले असता, ती कावीळ तोवर ज्ञात असलेल्या 'अ' किंवा 'ब' प्रकारची नव्हती, असे दिसून आले. पुढे त्या विषाणूस 'ई' हे नाव मिळाले. बाटलीतले रक्त पाव शतक जपले नसते, तर ही साक्ष कोण देता?

संस्थेची अतिसुरक्षित प्रयोगशाळा २०१३ साली सुरू झाली. जानेवारी २०२० मध्ये देशातील पहिल्या कोरोना रुग्णाचे निदान पुण्यातच झाले, आणि संस्थेने वेगळा केलेला विषाणू कोव्हॅक्सिन या लसीसाठी वापरला गेला. हा इतिहास वाचकांच्या ताज्या स्मरणात आहे.

चांदीपुरा विषाणूची कथा मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. नागपूर हे दुर्ग-भिलाईकडील वाचकांना परके नाही. १९५६ पर्यंत ते त्यांच्याच राज्याची राजधानी होते. तेथे १९६५ साली तापाची साथ आली असता पुण्याच्या शास्त्रज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू मिळाला. त्यास शहरातील एका वस्तीचे नाव देण्यात आले. रेबीजच्या कुळातला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा हा विषाणू. पण त्याच्यापासून मोठा अपाय दिसेना, म्हणून तो संस्थेच्या संग्रहात पडून राहिला. २००३ च्या उन्हाळ्याअखेरीस आंध्र प्रदेशात मुलांना एकाएकी ताप, झटके व बेशुद्धी येऊ लागली. ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ गेली, व पुष्कळ तर दवाखान्यात आणल्यापासून एका दिवसाच्या आत. पुण्याच्या तपासणीत गुन्हेगार निघाला तो हाच, अडतीस वर्षांपूर्वीचा नागपूरकर. २०२४ साली गुजरातेत त्याने पुन्हा मुलांचे बळी घेतले. त्यावर विशिष्ट औषध वा लस नाही. तो वाळूमाशीच्या द्वारे पसरतो. ही माशी डासाहून लहान असते, आणि मातीच्या घरांच्या भिंतींतील भेगांत व गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत तिची वस्ती असते; म्हणून पावसाळ्यापूर्वी भेगा लिंपणे, गोठा कोरडा ठेवणे व मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत निजविणे एवढे उपाय तूर्त आपल्या हाती आहेत.