वाट चुकलेल्या वाचकासाठी

मराठी मजकुराच्या वेबसाइटी मी जँगोमध्ये बांधते. राउटिंग आणि एरर पेज ही कामं बहुतेक ठिकाणी अगदी शेवटी, साइट सुरू करायच्या आदल्या रात्री उरकली जातात. मला मात्र हल्ली तीच आधी करावीशी वाटतात.

१. यादीतला क्रम हाच नियम असतो. जँगो यूआरएलची यादी वरून खाली वाचत येतो आणि जुळणारी पहिली ओळ सापडली की थांबतो. ‘लेख/’पुढे काहीही चालेल अशी ओळ वर आणि ‘लेख/नवीन’ खाली असेल, तर ‘नवीन’ नावाच्या लेखाचा शोध सुरू होतो आणि हाती ४०४ येतो. नेमकं ते वर, मोघम ते खाली, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

२. आपण केलेलं ४०४चं पान आपल्यालाच सगळ्यात उशिरा दिसतं. डीबग चालू असेपर्यंत जँगो स्वतःचं पान पुढे करतो. आपलं पाहायचं तर डीबग बंद करायचं आणि ‘अलाउड होस्ट्स’ भरायचे.

३. ५००चं पान जितकं साधं तितकं भरवशाचं. जँगो या टेम्प्लेटला मुद्दाम रिकामा कॉन्टेक्स्ट देतो. डेटाबेसच बसलेला असताना मेनूसाठी त्याच्याकडेच धावणारं एरर पेज म्हणजे विझवायला आलेल्या बंबानेच पेट घेणं. साधं एचटीएमएल, दिलगिरीची एक ओळ, मुख्यपानाची लिंक; बस.

४. पानावर ‘सापडलं नाही’ लिहिलं म्हणजे ४०४ झाला असं नाही. स्वतःचा हँडलर लिहिला तर रेंडर करताना स्टेटस ४०४ द्यावाच लागतो. नाहीतर ब्राउझरला २०० जातो, म्हणजे सगळं आलबेल. गूगल याला सॉफ्ट ४०४ म्हणतं.

५. मराठी पत्त्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. जँगोचा स्लग कन्व्हर्टर फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोअर ओळखतो. देवनागरी आली की ४०४. मग स्लगिफायला युनिकोडची परवानगी द्यावी, तर तिथे वेगळीच गंमत. पायथनच्या रेगेक्समध्ये ‘शब्दातलं अक्षर’ या व्याख्येत काना, मात्रा, वेलांटी बसतच नाहीत. त्यामुळे ‘पुणे’चं ‘पण’ होतं, ‘मराठी’चं ‘मरठ’. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नुसती स्क्रीनकडे बघत राहिले. जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात आपली भाषा अशी अर्धीच पोहोचलेली असते. आता मी मात्रा टिकवणारं फंक्शन स्वतः लिहिते आणि राउटमध्ये स्ट्रिंग कन्व्हर्टर वापरते. एवढासा ‘पुणे’ कॉपी करून पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांसकट ३६ अक्षरांचा होतो, हे खरं. तरीही ब्राउझरच्या पट्टीत स्वच्छ मराठी वाचता येणं मला त्याहून मोलाचं वाटतं.

६. पत्ता एकदा दिला की तो आपला एकट्याचा राहत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पत्ते बदलू नका असं कळकळीने लिहून ठेवलं आहे. कुणी ती लिंक पुस्तकाच्या तळटीपेत छापलेली असते, कुणी आईला पाठवलेली असते. बदलणं अटळच असेल तर ३०१ने नव्या जागी न्यावं. मजकूर कायमचा काढला असेल तर ४१० देऊन तसं स्पष्ट सांगावं. राउट खोडण्याआधी सर्व्हरचे लॉग जरूर उघडा, त्या पत्त्यावर अजून कोण येतंय ते पाहा आणि त्यांच्यासाठी रीडायरेक्टची एक ओळ लिहा.