धनुष्य आणि पूल

वेताची छडी वाकवून तिची टोके पाटावर टेकवा व वरून दाबा. टोके बाहेर सरकू लागतील. कमानीचा स्वभाव असाच आहे. दगडी पुलात हा रेटा काठावरचे भक्कम बांधकाम सोसते. परंतु खोल पाण्यातील सडपातळ खांबांनी तो कसा सोसावा?

आता छडीच्या टोकांना दोरी बांधा. टोके सरकत नाहीत; रेट्याचा ताण दोरी घेते. धनुष्याकृती पुलात कमान दाबली जाते, तिची टोके जोडणारी तुळई ताणली जाते आणि कमानीपासून लोंबणारे उभे दांडे रस्ता तोलून धरतात. खांबांवर मुख्यतः उभा भारच येतो. राजमहेंद्री येथे गोदावरीवरील रेल्वेपूल अशाच २८ काँक्रीट कमानींचा आहे.

मुंबईत वरळीला सागरी किनारा मार्ग सागरी सेतूला जोडावयाचा होता. खांबांमधील अंतर अपुरे असून नौका आदळतील, अशी तेथील कोळी बांधवांची तक्रार होती. अखेर एक नियोजित खांब वगळून १२० मीटरांची वाट ठेवण्यात आली. तीवरील १३६ मीटर लांबीची पहिली धनुष्याकृती तुळई २६ एप्रिल २०२४ रोजी तराफ्यावरून आणून बसविण्यात आली.

आपला रेटा आपणच आवरणारी कमान अशी नौकांनाही वाट देते.