ब्राह्मणपुरीच्या अंगणातील पृथ्वी आणि सूर्य

माध्यमिक शाळेत पृथ्वी भूगोलाच्या पुस्तकात आणि सूर्य विज्ञानाच्या पुस्तकात अशी विभागणी झाल्याने त्या दोहोंचा संबंध विद्यार्थ्याच्या लक्षात राहत नाही. अक्षांश-रेखांश पाठ होतात. परंतु आपले गाव त्या जाळ्यात कोठे बसते, हे पडताळून पाहिले जात नाही. वास्तविक त्यासाठी एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा व सपाट अंगण एवढे साहित्य पुरेसे आहे.

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी सुमारे २१.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या २३.४ अंश दक्षिणेस असतो. दोहोंची बेरीज ४५ अंश होते. म्हणून त्या मध्यान्ही येथे काठीची सावली काठीएवढीच पडते. महाराष्ट्रातील फार थोड्या गावांना हा योग लाभला आहे. (सावली नाहीशी होण्याचे दिवस, २९ मे व १४ जुलैच्या आसपासचे, शाळेच्या सोयीचे नाहीत. एक सुटीत येतो, दुसरा पावसाळी ढगांत.)

मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि हा परिसर ७४.५ अंशाच्या आसपास आहे. अंशामागे ४ मिनिटे धरल्यास ३२ मिनिटांचा फरक पडतो. पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे व कललेल्या आसामुळे त्यात आणखी काही मिनिटांची भर किंवा घट होते. म्हणून बारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची. सूर्याकडे थेट पाहू नये.

२१ मार्चच्या सुमारास हीच सावली ४० सेंटीमीटरच्या जवळपास भरते. त्याच दिवशी जवळजवळ त्याच रेखांशावरील कोल्हापुरात ती ३० सेंटीमीटर असते. दोन्ही ठिकाणच्या सूर्यकोनांतील फरक ४.९ अंश आणि सरळ अंतर सुमारे ५४० किलोमीटर. त्यावरून पृथ्वीचा परीघ काढल्यास तो ४०,००० किलोमीटरच्या आसपास येतो. इराटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये योजलेली रीत हीच. दोन शाळांनी एकमेकींना आपली मापे कळविली, की झाले.

जमिनीखालचा अभ्यास विहिरीच्या काठावर करावा. उत्तरेचा सातपुडा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. त्याच्या पायथ्याच्या गोट्या-भरडीत पावसाचे पाणी मुरते; तापीकडे जावे तसे चिकणमाती व वाळू यांचे गाळथर लागतात. नंदुरबार-धुळे भागातील कठीण खडकात भेगांत लाव्हा थिजून झालेल्या उभ्या भिंती आहेत. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. अशी भिंत भूजलाचा प्रवाह अडवू शकते, त्यामुळे जवळजवळच्या दोन विहिरींचे नशीब निराळे असू शकते. कूपनलिकेसाठी कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास हे पाठांतराचे ज्ञान वाटणार नाही.

विद्यार्थ्यांनी मे व ऑक्टोबर महिन्यांत शिवारातील निवडक विहिरींची पाणीपातळी, वडीलधाऱ्यांच्या उपस्थितीत, दोरी सोडून मोजावी आणि गावनकाशावर वर्षानुवर्षे नोंदवीत जावी. मोजमापातून कठड्याची उंची वजा करण्यास मात्र विसरू नये.